मोरीतला कप

इंगळेभाऊ गेल्याचा त्यांच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते. "आजी, मामा गेले... सकाळी," एवढंच ती बोलली. मी ओल्या हातानं फोन कानाला धरून तशीच बसले. समोर दगडावर भाऊंचा कप होता, पांढरा, निळ्या काठाचा, तळाशी चहाची पूड वाळलेली. त्याला आता दीड महिना झाला. तो कप मी अजून धुतलेला नाही. का नाही, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. पण ते एका दमात तोंडातून निघायचं नाही, जरा मागून सुरुवात करते.

भरे गावात आमच्या घरामागं तीन खोल्या आहेत. आमच्या मालकांनी निम्मी जमीन विकली तेव्हा बांधलेल्या. उरवड्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तिथं भाड्यानं राहतात, वर्ष-दोन वर्षांत जातात. इंगळेभाऊ मात्र नऊ वर्षं राहिले. मूळचे अकोल्याकडचे, कारखान्यांत मशिनी बसवून देणारे, रिटायर झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सामान म्हणजे दोन ट्रंका पुस्तकं आणि जर्मनीचा एक जुना नकाशा. त्यात जर्मनीचे दोन तुकडे, एक गुलाबी, एक पिवळा. मी विचारलं, "भाऊ, ह्या काय भावाभावांच्या वाटण्या म्हणायच्या का?" ते हसून म्हणाले, "तसंच समजा ताई. फक्त मोजणीवाले बाहेरून आले होते."

तरुणपणी कंपनीनं त्यांना दोन वर्षं त्या पिवळ्या तुकड्यात काम शिकायला पाठवलं होतं, मधली भिंत उभी होती तेव्हा. तिथून जे वेड लागलं ते कायमचं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचन पुडीच्या कागदांवर आणि पेपरांवर केलेलं. भाऊंना ऐकणारं माणूस हवं होतं आणि मला सांगणारं. चार वाजले की ते चहा करायचे, माझा कप ओट्यावर आणून द्यायचे, आणि मेथी निवडता निवडता मी अख्खी जर्मनी ऐकायची. चहा झाला की दोन्ही कप माझ्या मोरीत, धुवायचे मी, हा आमचा ठराव. हिटलर काही दरोडा घालून आला नव्हता, त्याला रीतसर खुर्चीवर बसवलं होतं, हे ऐकून मी हातातली जुडी खाली ठेवली. "मग बाकीचे लोक काय करत होते हो?"

"फॉर्म भरत होते," भाऊ म्हणाले. "आजा कोण, आजी कोण, शेजारी कोण..."

मग दुसरी लढाई, देशाचे तुकडे, एका रात्रीत ओढलेल्या तारा, त्याची झालेली भिंत, आणि अठ्ठावीस वर्षांनी ती फोडून नाचणारी माणसं. भिंत पडल्यावर तिकडच्या सरकारनं लोकांवर पाळत ठेवून लिहिलेल्या फायली बाहेर आल्या. घाईघाईत फाडून गोण्यांत भरलेले कागदसुद्धा माणसं बसून जोडू लागली. ज्याच्यावर लिहिलं त्याला जाऊन आपली फाइल वाचता येई. भाऊंच्या तिथल्या एका सोबत्यानं आपली वाचली, आणि पत्र लिहून कळवलं की तीत तुझंही नाव आहे, तुझ्या घरमालकिणीनं दिलेलं. भारतातल्या भाडेकरूकडं कोण येतं, किती वाजता येतं, सगळं.

"मेली!" मी म्हटलं. "ज्याच्या भाड्यावर जेवली त्याच्यावरच लिहिलं?"

"वाईट नव्हती हो ती. थंडीत माझे मोजे शेगडीवर वाळवून ठेवायची. तिला कोणी विचारलं, तिनं लिहिलं."

"विचारलं म्हणून काय झालं? हात झडले नाहीत का तिचे?"

हे माझे शब्द. नीट आठवतात मला.

मागच्या साली आमच्याकडं विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. गावातल्या चार जणांनी समिती केली, त्यात माझा पुतण्या संतोष. तो कागद घेऊन आला. "काकी, खोल्यांत कोण कोण हाय, कोण येतंय-जातंय, समदं लिहून दे."

"मी कशाला? तूच लिही की."

"तुजं अक्षर लई ग्वाड हाय. आन् हितं बसून तुला समदं दिसतंय. गावासाठी कर की येवढं."

गावासाठी... आणि माझं अक्षर! जन्मात कुणी मला असं लिहायला बसवलं नव्हतं. कागदावर दोन ओळींची जागा होती. मी तो उलटा करून मागंही लिहिलं. 'दर रविवारी इंगळे यांच्याकडे रामदुलारे व त्याची बायको येतात. हिंदीत बोलणे चालते. काही कागद भरतात. मी मोरीत तीन कप धुते.' लिहून झाल्यावर लांब धरून वाचलं, काना-मात्रा तपासल्या. त्या मोजेवाल्या बाईची मला आठवणसुद्धा झाली नाही.

कागद कसले, तर उरवड्याला कामाला जाणाऱ्या त्या रामदुलारेच्या मुलीचं शाळेत नाव घालायचे. मला ते माहीत होतं. तेवढंच मी लिहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, समितीनं रामदुलारेची पुढच्या गल्लीतली खोली रिकामी करायला लावली. टेम्पोत शेगडी, गाद्या आणि वर मुलीचं नवं दप्तर. मी फाटकाशी उभी होते. त्याची बायको मला "राम राम, अम्मा" म्हणून गेली. मग समिती भाऊंच्या दारात आली. संतोष म्हणाला, "भाऊ, ती मान्सं दर रविवारी तुमच्याकडं येत्यात. तीन कप चा व्हतो. खोटं हाय का?"

भाऊंनी आधी त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "खरं आहे," ते म्हणाले. "तीनच."

मोटारी कुणी नेल्या ते आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता माझा चहा ओट्यावर आला. गप्पाही झाल्या, त्याच आवाजात. पण चहा संपल्यावर भाऊंनी दोन्ही कप उचलले, अंगणातल्या नळावर धुतले आणि आपल्या खिडकीत पालथे घातले. मी उष्टावलेला कपसुद्धा. मी म्हटलं, "ठेवा की मोरीत." ते म्हणाले, "असू द्या ताई." त्या दिवसापासून रोज तसंच. एक शब्द बोलले असते, शिवी दिली असती, तर मी पाय धरले असते. त्यांनी काही विचारलं नाही आणि माझ्या तोंडून निघालं नाही. रोज चार वाजता ठरवायची, आज सांगायचं, आणि रोज नळाचा आवाज ऐकत बसायची. उरवड्याला जाऊन रामदुलारेची चौकशी केली, तर फोन बंद, माणूस कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. संतोषकडं तो कागद मागितला, तर म्हणाला, "काकी, त्यो कवाच फाडला. कशाला उकरतीस?" फाडू दे. मला जोडत बसायची गरज नाही, पाठ आहे.

यंदा भाऊंचा दम वाढला. भाची त्यांना पुण्याला न्यायला गाडी घेऊन आली. ते ओट्यावर चहा घेत बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, एक बोलायचं होतं..."

"आल्यावर बोलू, ताई," ते म्हणाले. भिंतीला धरून उठले. हातात कप होता. अंगणातला नळ उजव्या हाताला, माझी मोरी त्याच्या पलीकडं दहा पावलांवर. ते नळाशी थांबले, श्वास घेतला आणि पुढं आले. कप माझ्या मोरीत, दगडावर ठेवला. मग गाडीत बसले.

भाची म्हणते, नळावर वाकायची ताकदच उरली नव्हती त्यांच्यात. असेल. पण मग ती दहा पावलं कशासाठी?... मला माझ्या सोयीचं धरायचा हक्क नाही. फाइल ज्याची त्याला वाचायला मिळाली पाहिजे, असं भाऊ म्हणायचे. त्यांना त्यांची मी वाचून दाखवली नाही, म्हणून ती इथं लिहिली, माझ्या अक्षरात.

खोली अजून कुणाला दिलेली नाही. भिंतीवर ते गुलाबी आणि पिवळे तुकडे तसेच आहेत. चार वाजता मी माझा एक कप करते, पिते, मोरीत बसून भांडी घासते, आणि दगडावरच्या त्या कपावर शिंतोडा जाऊ नये म्हणून पाणी बाजूनं ओतते.