ताप उतरला त्या दिवशी

बेलापुरात कुणाचा ताप उतरला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. एस्तेरबाईंचं तोंड मात्र नेमकं तेव्हाच उतरतं. जगाचं एक आणि म्हातारीचं भलतंच, म्हणून लोक हसतात. हसू देत बापडे.

तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात आयाचं काम केलं; पण नवरा जस्टिन डेंग्यूनं गेला तो घरातच. सकाळी ताप उतरून त्याचं अंग गार लागलं, तेव्हा बाईंनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. दुपारी हिरड्यांतून रक्त आलं आणि दिवस मावळायच्या आत माणूस गेला. ती आभाराची प्रार्थना त्यांना अजून खाते.

यंदा सून मोनिकाला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप गेला. मुलगा यशया हरखला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून त्यानं घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. लोक गायला लागले. एस्तेरबाई सुनेचा हात धरून बसल्या होत्या. हात गारठलेला, घामानं ओला.

"पोट दुखतंय का गं?"

"लई."

"लघवीला कवा गेल्तीस?"

"सकाळपासनं न्हाई, आई."

भर गाण्यात एस्तेरबाई ओरडल्या, "आमेन मागनं म्हना! यशया, गाडी काढ!"

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "डेंग्यूत ताप उतरला की खरा धोका सुरू होतो. रक्तातलं पाणी झिरपून पोटात, छातीत साठलंय. बीपी उतरतोय. आणखी पडला तर किडनी, लिव्हर निकामी होतील, आतून रक्त जाईल. वेळेवर आलात. वेळेवर येणारे बहुतेक वाचतात, पण लघवी नीट सुटेपर्यंत, दोन दिवस तरी, मी शब्द देणार नाही."

यशया हात जोडून पुटपुटत बसला. बाईंचे ओठ हलेनात. या खेपेलाही आभाराची घाई झाली तर? सुनेच्या हिरड्यांतून रक्ताची रेघ आली तेव्हा धावत जाऊन त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. सलाईनचा थेंब न् थेंब त्या बघत राहिल्या.

तिसऱ्या सकाळी मोनिकानं डोळे उघडले. "आई, लघवीला लागलीय."

बाईंनी भांडं दिलं. ते भरत आलं. असली हजारो भांडी त्यांनी नाक मुरडत उचलली होती. आज मात्र ते दोन्ही हातांत धरून त्या वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि रडत रडत म्हणाल्या, "बापा, तुजे लई उपकार."