काठीनं लावलेलं कुंकू

आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस अख्ख्या पूर्णा जंक्शनात कधी जन्मला नाही की बदलून आला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मालगाडीचे गार्ड. लग्नाच्या पंगतीत स्वतःचं पाणी घेऊन बसत. कोणी शिंकलं, की त्याच्या घराण्यात दमा आहे का याची चौकशी सुरू. एकदा तर सत्यनारायणाचा प्रसाद त्यांनी घरी आणून पुन्हा कढईत परतायला लावला. असल्या माणसाच्या कानावर दिवाळीच्या तोंडावर पालमला देवीची साथ आल्याची बातमी गेली.

पालमला आमचं घर. वडील दर भाऊबीजेला एसटीनं पूर्णेला जात. आत्याच्या लग्नापासून एकही चुकली नव्हती. यंदा आतोबांचं कार्ड आलं, ‘येऊ नये.’ आत्यानं म्हणे दोन दिवस चुलीकडे पाहिलं नाही. मग दुसरं कार्ड आलं, ‘यावे. अंगणात थांबावे.’

वडील आणि मी गेलो. दोघांनीही देवीची लस टोचून घेतली होती. वडिलांनी बाही सरकवून दंड दाखवला. व्यर्थ! अंगणात चुन्याची आडवी रेघ, वडिलांचा पाट रेघेपलीकडे, आणि हे महाशय लाल झेंडी घेऊन पहाऱ्याला. आत्यानं लांबूनच हवेत निरांजन फिरवलं आणि काठीच्या टोकाला कुंकू घेऊन भावाच्या कपाळाला लावायला गेली, ते लागलं नाकाला.

"झालं की यवस्थित! देवाला भाव कळतो, अंतर न्हाई," आतोबा म्हणाले. भित्रेपणाला वर अध्यात्माची फोडणी! आत्या पदरात तोंड खुपसून रडत होती. मला इतका संताप आला, की त्यांची ती झेंडी हिसकावून आडात फेकावीशी वाटली.

तेवढ्यात राणीसावरगावहून त्यांची थोरली बहीण, अक्का, आल्या. ‘येऊ नये’चं कार्ड त्यांनाही गेलं होतं, पण वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं. आतोबांनी त्यांनाही रेघेबाहेर थांबवलं आणि स्वतः आतल्या पाटावर बसले. अक्कांनी मुकाट्यानं काठी घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठी नुसती हवेत चाचपडायला लागली.

"कुठं हायेस रे बापू? दिसंना गेलास."

आतोबा उठले. रेघ ओलांडून त्यांच्या पुढ्यात मातीतच बसले.

"हितं हाय अक्का. हातानं लाव."

ते पाहून आत्यानं डोळे पुसले, कुंकवाचा करंडा उचलला आणि नवऱ्याला न विचारता सरळ वडिलांकडे चालत गेली. आतोबांनी पाहिलं आणि मान खाली घातली. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदाच आवडले. त्यांना तसं सांगायचं मात्र शेवटपर्यंत राहूनच गेलं.