अण्णा आणि डोक्यावरचा स्लॅब

भूकंपात आमचं घर पडलं आणि माय त्याखाली गेली. तेव्हापासून माझे वडील, अण्णा, पक्क्या छताखाली झोपले नाहीत. चाकूरकडं शेतात पत्र्याचं शेड ठोकून राहिले. माझ्या लग्नात सगळी पंगत कार्यालयात आणि नवरीचा बाप बाहेर मांडवात. मला लई राग आला होता, पण त्यांना बोलणार कोण?

मी लातूरला नर्स. आपत्तीत काय करायचं याचं ट्रेनिंग आम्हाला कितीदा तरी झालं, आणि ते सगळं भूकंपाचंच. इमारत सोडा, मैदानात या, सगळे एकत्र थांबा. मग कोरोना आला. पुन्हा तेच ट्रेनिंग, वरचं नाव तेवढं बदललेलं. डोंबल! माणसाला आत, एकटं ठेवायचा आजार हा, मैदानात नेऊन काय करू?

ट्यूशनची पोरं गावाकडं गेल्यामुळं होस्टेलं रिकामी पडली होती. त्यातल्या एका तीनमजली होस्टेलात आमचं कोविड सेंटर सुरू झालं. पोरांनी भिंतीवर चिकटवलेल्या सूत्रांखाली आम्ही ऑक्सिजनच्या पाइपा बसवल्या.

अण्णांना धाप लागली तेव्हा भावानं नुसतं तपासून येऊ म्हणून फसवून आणलं. खालच्याच मजल्यावर, दाराजवळची खाट दिली. ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाला पातळी मोजायचं मशीन लावलं, आकडा चढला. मी दुसऱ्या पेशंटकडं वळले तेवढ्यात अण्णा मास्क काढून बाहेर. आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसले.

मी हात जोडले, मग ओरडले. पाइप काही लिंबापर्यंत पोचत नव्हती. डॉक्टरांकडं सुटं सिलिंडर मागितलं, तर ते म्हणाले, सगळी वरच्या मजल्यांवरच्या पेशंटना लागलीत, कुणाचं काढू ते तूच सांग. मी तशीच परत आले. शेवटी भावानं आणि मी उचलून आत नेलं. छत बघितलं तसे अण्णा खाटेवरून उतरायला धडपडू लागले. मास्क ओढून फेकला, धाप दुप्पट झाली.

"तुझी माय आतून वरडली हुती, भाईर व्हा," ते म्हणाले. "मी झालो, म्हणून हाय."

यावर कोणतं ट्रेनिंग काय सांगणार? आम्ही त्यांना सोडलं. भिंत धरत धरत ते पुन्हा लिंबाखाली गेले. वारा होता. चेहरा निवळला, चहा मागितला, भावाला सोयाबीनचं विचारलं. या आजाराची हीच तर हरामखोरी, आतून माणूस संपत असतो आणि त्याला कळतही नाही. मी बोटाला मशीन लावून बघितलं. आकडा उतरत होता.

"बघ पोरी," अण्णा म्हणाले, "भाईर आलं की कसं बरं वाटायलंय."

मी मान हलवून हाव म्हटलं, आणि आकडा त्यांना दिसू नये म्हणून त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत झाकून धरला.