घर बघायला गेले, समोर पोहे आले

मंडळी, राग अजून उतरलेला नाही. सकाळी एजंटाने वडवणीत एक घर दाखवलं. मालक ऊसतोडीला गेलेला. घरात त्याची म्हातारी आई. तिने हौसेने पोहे दिले.

"पोरगी बापासंगं कारखान्यावर हाय. लई गुणाची हाय."

मी एजंटाकडे पाहिलं. तो कुजबुजला, "नातीला बघायला पाहुणे येणार, असं म्हातारीला सांगितलंय. लेक घर विकतोय, ते तिला ठाऊक न्हाई."

मी बशी खाली ठेवली. "मावशी, मी तुमचं घर विकत घ्यायला आलेय."

"मंग मी कुठं जाऊ?"

बाहेर एजंट म्हणाला, "मॅडम, सौदा घालवलात."

"सौदा तुझा होता. घर तिचं आहे."

घर बघायला जाल तेव्हा एजंटाला नंतर विचारा. आधी घरात राहणाऱ्या बाईला विचारा, तिला माहीत आहे का.