नाचणीचं पीठ, हिरवं पान आणि आईची चाळणी

मंडळी, आजचीच गोष्ट, लगेच लिहितोय.

दुपारी फर्स्ट शिफ्ट करून चिखलीला घरी आलो, तर आई ओट्यापाशी चाळणी धरून उभी. चाळणीत पिठाला धरलेली जाळी आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या! माझ्या दहा महिन्यांच्या लेकीसाठी मीच आणलेलं ऑरगॅनिक नाचणीचं पीठ. महागडं, सीलबंद, पाकिटावर सर्टिफिकेटचं हिरवं पान. तारीख संपायलाही चार महिने बाकी.

तसाच दुकानात गेलो. दुकानदार हसत म्हणाला, "भाऊ, यात औषध नसतं, किडे होणारच. उलट माल अस्सल असल्याची खूण समजा."

अळ्यांपेक्षा जास्त किळस मला या उत्तराची आली. अहो, औषध नको म्हणालो होतो, अळ्या द्या कधी म्हणालो?

पण खरी लाज पुढेच आहे. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. सप्लायरचा रिपोर्ट कितीही चांगला असो, स्वतः तपासल्याशिवाय एक पार्ट आत घेत नाही. आणि घरी? पाकीट फोडलं त्या दिवशी आई चाळायला बसली, तर मीच तिला अडवलं. "अगं, सर्टिफाइड आहे, चाळतेस कशाला?" आठ दिवस पोरीला त्याचीच पेज भरवली. आज आईला राहवलं नाही, म्हणून कळलं तरी.

आई एवढंच म्हणाली, "कंपनीत पण नुसतं पाकीट बघून पास करतोस व्हय रे?"

तुमच्याही डब्यातलं पीठ आत्ता चाळून बघा, काय निघालं ते इथं लिहा. जेवणं झाली असतील, तर मात्र राहू द्या.