रायफलीचा भाव

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच घेणार नाही.

पोलीस खात्यात तीस वर्षं काढून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो आणि कतारमध्ये एका वाहतूक कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. हमद पोर्टजवळ आमचं यार्ड. खातं सुटलं तरी सवय सुटत नाही. तिथंही मी स्टेशन डायरीसारखी नोंदवही सुरू केली आणि सकाळी आठला रखवालदारांची हजेरी घेऊ लागलो.

कंपनीचा मालक कतारी. सगळे त्याला अरबाब म्हणत. त्याच्या गाडीवर साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, म्हणून त्याचं नावच फौजी पडलेलं. हा फौजी अरबाबच्या बैठकीत बसून कहवा प्यायचा. मी मात्र बाहेर उभा. स्पष्टच सांगतो, माझ्या पोटात दुखायचं. हवालदार आत आणि इन्स्पेक्टर बाहेर, हे मला गिळवत नव्हतं. तो समोरून गेला तरी माझं डोकं फिरायचं.

अशात एका सकाळी दुसरा ड्रायव्हर खबर घेऊन आला. हा बीडचा. फौजी यायच्या आधी अरबाबची गाडी हाच चालवायचा, आता त्याला यार्डातला ट्रक दिला होता. खबर देणारा कशासाठी देतो हे आधी तपासावं, असं मी नव्या पोरांना कायम शिकवलं. याचं कारण तर उघड होतं. तो जळत होता. मी तपासलं नाही, कारण मीही जळत होतो.

तो म्हणाला, "सायेब, फौजी रायफलीवरून लई भाव खायलाय. फोनमधले फोटू दाखवतो. म्हणतो, हिची खरी किंमत किती ते लोक मला विचारतेत."

"कुणाची रायफल?"

"ते नाही सांगत. नुसता मिशीला पीळ."

परक्या देशात कामाला आलेल्या माणसाच्या फोनमध्ये रायफलीचे फोटो. मी खुर्ची पुढं ओढली आणि जबाब इंग्रजीत लिहून काढला. त्यात लिहिलं की सदर इसम रायफलीच्या भावाची बोलणी करतो. खाली नेहमीचं वाक्य टाकलं, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे', आणि त्याची सही घेतली. त्याला इंग्रजी येत नाही. वाचून मी दाखवलंच नाही.

फौजीला बोलावलं, तासभर केबिनबाहेर बसवला, मग आत घेतला. फोन काढून घेतला. फोटो होतेच. रायफल सुटी करून सतरंजीवर मांडलेली होती, नळीचे जवळून घेतलेले फोटो, नंबरांचे फोटो.

"कुणाला विकतोयस?"

"विकत नाही साहेब. मी फौजेत आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करायचो. एकानं बघून सांग म्हटलं. नवी म्हणून किंमत लावली होती, पण नळी झिजलेली आणि भागांवरचे नंबर जुळत नव्हते. निम्मे पैसेसुद्धा जास्त होतील, एवढंच मी सांगितलं."

"तो एक कोण?"

"शब्द दिलाय साहेब. त्यांच्या घरातली गोष्ट आहे. तुम्ही अरबाबना विचारा."

एक फोन पुरला असता. मी केला नाही. उलट म्हणालो, "दोन वाजता मंदूब येईल. कागद त्याच्या हातात देतो. बॅग भरून ठेव." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस. कागद एकदा त्याच्या हातून पोलिसांत गेला की इथं खुलासा ऐकायला कुणी थांबत नाही, सरळ विमानात बसवतात.

फौजीचा चेहरा उतरला. "साहेब, आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. हत्याराच्या लफड्यात धरला, असं झालं तर मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ?" मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दीडच्या सुमारास बीडवाला धापा टाकत आला. फौजी खोलीवर कपड्यांच्या घड्या घालत बसलेला त्यानं पाहिला होता.

"सायेब, म्या सही केलेलं वाचून दाखवा."

"आता कशाला?"

"तवा दाखवलं नाही. आता दाखवा."

मी मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "म्या भाव खायलाय म्हणलं व्हतं. भाव करायलाय असं नाही म्हणलो. गाडी गेली म्हणून मी त्याच्यावर जळतो, ते खरंय. पण त्याला घरी पाठवा असं म्या कधी म्हणलो?"

'भाव खाणं' म्हणजे मिरवणं हे मला कळत नव्हतं, असं कुणाला सांगू? माझी मातृभाषा आहे ती.

मग अरबाबला फोन केला. तो हसला. "रायफल मैं चचेरा भाई से लिया, लायसन्स है. वो दाम ज्यादा बोला, फौजी ठीक दाम बोला. खलास." चुलत भावाची लाज राखायला त्यानंच फौजीला गप्प राहायला सांगितलं होतं. फोन ठेवताना म्हणाला, "तुम पुलिस, रायफल का तुमको नहीं मालूम, इसलिए फौजी को पूछा." तेवढ्यातही नाकाला मिरच्या झोंबल्याच.

फौजीला बोलावून त्याच्यासमोर जबाब फाडला, अरबाबशी बोललो म्हणून सांगितलं आणि त्याचा फोन परत दिला. कागद कुणी लिहिला, कसा लिहिला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "आपला मराठी साहेब होता म्हणून वाचलो. दुसरा कुणी असता तर आज विमानात असतो." मी 'असू दे' म्हणालो.

तेच त्यानं अरबाबला सांगितलं. पुढच्या आठवड्यात मला बैठकीत बोलावणं आलं. अरबाबनं शेजारी बसवलं, स्वतः कहवा ओतला, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. फौजी समोर बसून कौतुकानं बघत होता. मी कहवा प्यालो.

बीडवाल्याला सही करण्यापुरतीच अक्षरं येत होती, तरी तो परत आला आणि वाचून दाखवा म्हणाला. खात्यात मी शेकडो जबाब लिहिले आणि प्रत्येकाखाली 'मला वाचून दाखवला' हे वाक्य आहे. त्या लोकांपैकी परत कुणीच आलं नाही. जबाब बरोबर होते म्हणून आले नाहीत, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो.