मधल्या खडकावरचा हंडा

कासिमिरा मासे तळायची आणि शिव्या द्यायची, दोन्ही गरमागरम. होंडुरासच्या आमच्या आखाती किनाऱ्यावर तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

आखाताच्या पलीकडे दुसरा देश. पाण्यात हद्द कुठे आहे ते माशांना कळत नाही आणि आम्हाला कळून उपयोग नाही. जाळं वाहत पलीकडे गेलं की त्यांची गस्त माणसं धरून न्यायची, बडवायची. मग आमचे म्हातारे नगराध्यक्ष दामासोकाका कालवण घेऊन मधल्या खडकावर जायचे. नावेच्या टोकाला चूल, चुलीवर हंडा. धूर दिसला की पलीकडचे बंदुका खाली ठेवत. दोन्हीकडची माणसं त्या एकाच हंड्यातलं जेवायची आणि धरलेली पोरं घरी यायची. सरकारी कागदात हे कुठेही नव्हतं. हंडा शिजवायची कासिमिरा.

मग गस्तीने तिच्या नवऱ्यालाच गोळी घातली. प्रेत आणायलाही काका हंडा घेऊन गेले आणि मारणाऱ्यांसोबत जेवून आले. कासिमिराने उरलेलं कालवण वाळूत ओतलं.

“माझ्या माणसाच्या रक्तात भाकरी बुडवून खाल्लीत, काका?”

“तुझा पोरगा नाऊम अजून समुद्रावर जातो, पोरी,” काका म्हणाले. “त्याच्यासाठी खाल्ली.”

निवडणुकीला काकांसमोर विल्मर उभा राहिला. कोंबड्यांच्या झुंजीत कर्ण्यावरून पुकारा करायचा, एवढाच त्याचा अनुभव. पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण ओरडायचा असा, की ऐकणाऱ्याच्या मुठी वळाव्यात. “शत्रूला जेवण नाही, गोळी!” अडाण्यांच्या मतांमुळे असली माणसं निवडून येतात, असं शहाणे म्हणतात. त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला. कासिमिराइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला सगळं कळत होतं, पण आतून जळत होतं. तिने विल्मरला मत दिलं.

विल्मर निवडून आला. निकालाच्या दिवशी पलीकडची एक नाव आमच्या धक्क्यावर मीठ विकायला आली होती. विल्मरच्या पोरांनी ती पेटवली. रॉकेल कासिमिराच्या चुलीचं, तिने स्वतः काढून दिलेलं. नावाडी जळत्या अंगाने पाण्यात पडला, तो वर आलाच नाही.

दुसऱ्याच दिवशी गस्तीने नाऊमला धरलं. तिचा एकुलता एक. खडकावर या, असा निरोप आला. कासिमिराने शिव्या देत, रडत हंडा चढवला. काका जायला तयार होते, पण बोलणी आता खुर्चीवाल्याने करायची. विल्मर धक्क्यावर आला तो झेंडा आणि बंदूकवाली पोरं घेऊन.

“हंडा पुढे ठेव, विल्मर,” ती म्हणाली. “धूर दिसला नाही तर ते गोळ्या झाडतील.”

“शत्रूला जेवण नाही, मावशी! तूच टाळ्या वाजवल्यास ना?”

“वाजवल्या. झक मारली. ठेव तो हंडा!”

त्याने हंड्याला लाथ मारली. उकळतं कालवण तिच्या पायांवर सांडलं.

नाव झेंडा फडकवत गेली. पलीकडच्यांना धूर दिसला नाही, बंदुका दिसल्या. पहिली गोळी कुणाची ते देव जाणे. नाऊम हात बांधलेला, दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधोमध. त्याला ताडपत्रीत गुंडाळून आणलं तेव्हा चेहरा उरला नव्हता, आईने पायाच्या बोटांवरून ओळखला. विल्मरला ओरखडाही नव्हता. त्याने कर्णा तोंडाला लावला आणि ओरडला, “हुतात्मा!”

कासिमिराने मासे कापायची सुरी त्याच्या मानेवर घातली. मान हुकली. अर्धा कान माझ्या जाळ्यावर येऊन पडला. मग त्याच्या पोरांनी तिला बंदुकीच्या दस्त्यांनी ठेचलं, एक डोळा गेला.

पुढच्या निवडणुकीत विल्मर उरलेला अर्धा कान दाखवत डोंगराकडच्या वस्त्यांतून फिरला. “शत्रूने कापला!” ज्यांनी आखात कधी पाहिलं नव्हतं, ते लोक हुंदके देत होते. कासिमिरा माझा हात झटकून थेट मंचावर चढली.

“मी कापला याचा कान! या हाताने!”

मीही खालून ओरडलो, “खरं बोलतेय ती!” कुणीतरी माझ्या तोंडावर ठोसा मारला.

विल्मरने तिला घट्ट मिठी मारली. “बघा, हुतात्म्याची आई! पोराच्या दुःखात वेडी झाली बिचारी. डोळा बघा! शत्रूने काय दशा केली!”

लोकांनी आभाळात बार काढले. तिला दोन्ही हातांनी आवळून तो रडत होता आणि त्याची मान तिच्या तोंडाशी होती. सुरी तेवढी घरी राहिली होती.